आतली हवा

आत्याबाईंनी माझ्या कानात कापसाचा दुसरा बोळा कोंबला, वरून मफलर आवळला, मफलरवरून शाल घेतली आणि दोन पावलं मागे सरकून, बाजारात निवडून घेतलेल्या भोपळ्याकडे पाहावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"आता कसं!" त्या म्हणाल्या. "आता वाऱ्याचा बाप आला तरी आत शिरत न्हाई."

मला ते अर्धवटच ऐकू आलं. बाळंतीण झाल्यापासून मी माणूस उरले नव्हते, गाठोडं झाले होते. कुणीही यावं, एक गाठ सोडावी, दोन बांधाव्यात. माझ्या मांडीवर माझ्याच पोटचं लहान गाठोडं होतं. कुंची, दुपटं, त्यावर लोकरीची शाल, आणि या सगळ्याच्या मधोमध लिंबाएवढा चेहरा. सव्वा महिन्याची होती. बारसं सासरी करायचं ठरलं होतं, म्हणून तिला अजून नाव नव्हतं. आम्ही तिला चिमी म्हणायचो.

ही गोष्ट जुनी आहे. आज चिमी मला गाडीत शेजारी बसवते आणि मी काच खाली केली की, "आई, धूळ येते गं," म्हणून कुरकुरते. मी काच वर करत नाही. का करत नाही, हे तिला मी एकदाच सांगितलं आणि पुन्हा सांगायची हिंमत झाली नाही. त्या सकाळची भीती अजून माझ्या अंगातून गेलेली नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यात. त्या साली थंडीनं कहर केला होता. द्राक्षबागांत पानांवर दव गोठून पांढरं व्हायचं. मणी तडकू नयेत म्हणून माणसं पहाटेपासून बागांच्या बांधांवर पालापाचोळा, उसाचं पाचट, जुने टायर, हाती लागेल ते पेटवून धूर करायची. दिवस उगवला तरी तो धूर जमिनीला चिकटून बसलेला असायचा. अशा सकाळी मला सासरी न्यायला माझे मिस्टर, निवृत्ती, आणि त्यांच्या आत्या, कौसाबाई, आले होते. निवृत्तींनी जुनी का होईना, पण चारचाकी घेतली होती आणि पहिला प्रवास लेकीला आणण्यासाठीच करायचा, असा त्यांचा हट्ट होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं होतं.

आत्याबाई आमच्या घरातल्या सगळ्या बाळंतपणांच्या मुख्य. लांबसडक, हाडकुळ्या, आवाज असा की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहावी. कुणाच्याही बाळंतिणीला आणायला त्याच जायच्या. त्यांच्या शब्दापुढे माझे सासरेसुद्धा हूं की चूं करत नसत.

"विहीणबाई," त्यांनी माझ्या आईला हाक मारली, "चुलीतले बाभळीचे इंगळ द्या बरं भरून. ही शेगडी आणलीय मी."

लोखंडी छोटी शेगडी होती. खाली ठेवायला घमेलंही त्यांनी आणलं होतं.

"आत्या, गाडीला हिटर आहे," निवृत्ती म्हणाले. "बटण दाबलं की गरम हवा येते."

"यंत्राची ऊब अंगाला लागत न्हाई. घसा तेवढा सुकतो पोरीचा. बैलगाडीतसुदिक आम्ही शेगडी घेऊनच बाळंतीण आणायचो. तू गाडी हाक, बाकीचं मला शिकवू नको."

आईनं इंगळ भरून दिले, वर राख पसरली. तिचंही मत तेच होतं. त्या काळी तिथं कुणाचंच वेगळं मत नव्हतं. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, बाळाला तर नाहीच नाही. जगातली सगळी दुखणी वाऱ्यातून येतात, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलेलो.

मी चालकाच्या मागच्या जागेवर बसले. आत्याबाई माझ्या डाव्या हाताला. त्यांच्या पायाशी घमेलं, घमेल्यात शेगडी. चिमी माझ्या डाव्या हातावर, डोकं त्यांच्या बाजूला, म्हणजे शेक बरोबर लागावा. मग आत्याबाईंनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या काढल्या आणि काचांच्या फटींत बोटानं दाबून दाबून बसवल्या.

"शीव ते शीव," त्यांनी निवृत्तींना बजावलं. "तुझ्या सासुरवाडीची शीव सुटली की आपल्या गावची शीव लागंपर्यंत गाडी थांबवायची न्हाई. बाळंतीण वाटेत उतरवत न्हाईत. शिवेवर तुझी आई भाकरतुकडा घेऊन उभी आसंल."

"नाही थांबत," निवृत्ती म्हणाले.

गाडी निघाली. गाव संपलं आणि दोन्ही बाजूंना बागा सुरू झाल्या तसा धूर आत आला. टायरचा, जळका, घशाला खवखवणारा. चिमीनं नाक आकसलं.

"थांबा, गंमत दाखवतो," निवृत्ती म्हणाले. त्यांनी पुढच्या पट्टीवरचं एक बटण दाबलं. त्यावर गाडीचं चित्र होतं आणि तिच्या पोटात गोल वळलेला बाण. "आता बाहेरची हवा आत येणारच नाही. आतली हवा आतच फिरत राहणार."

खरंच, थोड्या वेळात धुराचा वास गेला. गरम हवा मंद वाहत होती, शेगडीची ऊब पायांना लागत होती. आत्याबाई पहिल्यांदाच गाडीवर खूश झाल्या.

"हे मातर चांगलं केलंय हां. वाऱ्याला कुलूपच लावलं की."

निवृत्ती हसले. आरशात माझ्याकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या, बघ कशी जिंकली आत्या. मीही हसले. चिमीला पदराखाली घेतलं. ती दूध प्यायला लागली. मला वाटलं, आपण किती सुखी आहोत.

थोडं पुढं गेल्यावर काचांवर आतून वाफ धरली. निवृत्ती उपरण्यानं समोरची काच पुसत होते, पुसली की पुन्हा पांढरी. "असं बंद ठेवलं की वाफ धरते," ते म्हणाले, "बाहेरची हवा जरा घेतो, मोकळी होईल." त्यांनी बटण पुन्हा दाबलं. बाण सरळ झाला. गार झोत आला आणि त्याच्याबरोबर धूरही. काच भराभर निवळली, पण चिमी शिंकली. एकदा, मग लगेच दुसऱ्यांदा.

"बंद कर आधी ते!" आत्याबाई कडाडल्या. "धूर बी आणि वारा बी! पोरीचं काय करायचं ठरवलंयस तू?"

निवृत्तींनी बाण पुन्हा आत वळवला.

त्या दोन शिंकांनंतर चिमीनं बराच वेळ कसलाच आवाज केला नाही. तेव्हा मला ते चांगलंच वाटलं.

माझं डोकं दुखायला लागलं. आधी कपाळाच्या मधोमध, मग दोन्ही कानशिलांत हातोडी मारल्यासारखं. पोटात ढवळून आलं. मी म्हणाले, "आत्याबाई, मळमळतंय."

"उपाशी निघालीस, त्यानं. डिंकाचा लाडू खा."

"डोकं फार दुखतंय."

"माझं बी दुखतंय. थंडीच तशी हाय." त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. शब्द ओढल्यासारखे येत होते. "डोळे मीट जरा."

डोळे मिटावेसे फार वाटत होते. माझ्या उजव्या कोपराला मात्र कुठून तरी गार वाऱ्याची बारीक धार लागत होती. दाराचं रबर तिथं फाटलं होतं, हे आम्हाला नंतर दिसलं. मी ते आत्याबाईंना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिथंही चिंधी बसली असती. मी नुसती उजवीकडे कलले आणि तोंड त्या फटीशी नेलं. चोरून चिंच खावी तशी मी ती हवा घेत राहिले. चिमी तेव्हाही माझ्या डाव्या हातावर, शेगडीच्या बाजूलाच होती.

जरा हुशारी आली म्हणून मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ स्तनाला लागलेले होते, पण हलत नव्हते. दूध ओठांच्या कोपऱ्यातून ओघळून कुंचीत मुरलं होतं.

"चिमे," मी म्हणाले. गालाला बोट लावलं. बाळाच्या गालाला बोट लावलं की ते तोंड वळवतं. तिनं वळवलं नाही. दुपट्यात हात घालून मी तिचा तळपाय शोधला आणि टिचकी मारली. एरवी एवढ्यावर ती सगळी गोळा व्हायची. पाय माझ्या हातात तसाच राहिला. गरम होता, मऊ होता, पण तो पाय कुणाचाच नव्हता.



"आत्याबाई! बघा ना ही कशी करते!"

त्यांनी मान वळवायला फार वेळ घेतला. "झोपलीय. शेक लागलाय बरोबर. बघ कशी गुलाबी झालीय."

खरंच गुलाबी झाली होती. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास येत होता का? मला कळेना. माझ्याच बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"अहो! गाडी थांबवा!"

निवृत्तींची मान पुढं झुकली होती. "हं," ते म्हणाले. गाडी थांबली नाही.

"अहो, चिमी उठत नाही! थांबवा!"

"शीव..." आत्याबाई म्हणाल्या. "शीव लागू दे."

"खड्ड्यात गेली शीव!"

हे मी त्या बाईला म्हणाले. एरवी माझी जीभ झडली असती. पण त्या काहीच बोलल्या नाहीत. त्यांचं डोकं हळूहळू कलून काचेला टेकलं, तोंड थोडं उघडं पडलं. मला त्यांची भीती नव्हती वाटत आता. मला ती सगळी शांतता खात होती. तीन माणसं माझ्याभोवती, आणि तिघंही कुठं तरी निघून चालली होती. मीही चालले होते. आणि मला ते फारसं वाईटही वाटत नव्हतं, एवढंच आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

काच खाली करायची मूठ माझ्या उजव्या हाताशी होती. मी ती धरली. हात माझाच होता, पण ऐकत नव्हता. बोटं मुठीवर नुसती ठेवलेली राहिली. मी मनात म्हणत होते, फिरव, फिरव गं बये, आणि मूठ अर्धी फिरली तोच काच चिंधीत अडकली.

तेवढ्यात गाडी डावीकडे सरकली. हळू, अगदी सावकाश, बैल रस्ता सोडून बांधावर चरायला वळावेत तशी. खाली काहीतरी खडखडलं, द्राक्षाच्या मांडवाची तार काचेवर करकरली आणि बांधाच्या मातीत नाक खुपसून गाडी बंद पडली. त्या धक्क्यानं माझं पूर्ण वजन दारावर पडलं. दाराची कडी हाताला लागली. मी ती बोटांनी नाही, मनगटानं ओढली.

दार उघडलं आणि मी चिमीला छातीशी धरून पाठीवर पडले.

बाहेर कडाक्याची थंडी होती. उभं राहायला गेले तर पाय दुमडले. मी गुडघ्यांवर सरकत गाडीपासून लांब गेले. तेवढ्यानंही धाप लागली. मग मातीत बसकण मारली आणि तिला मांडीवर घेतलं. ती तशीच होती. मान एका बाजूला.

सव्वा महिना मला एकच गोष्ट शिकवली होती, झाक. मी उघडायला लागले. शाल फेकली. दुपटं फेकलं. कुंचीची गाठ सुटेना, दातांनी तोडली. अंगातलं झबलं वर सरकवलं आणि तिचं उघडं, फासळ्यांचं अंग मी दोन्ही हातांनी त्या बोचऱ्या वाऱ्यासमोर धरलं. माझ्या कानांतले कापसाचे बोळे उपटले, तिचा आवाज आला तर ऐकू यावा म्हणून. तिच्या तोंडावर फुंकर मारली. पुन्हा मारली. तळपायांवर चापट्या मारल्या, इतक्या जोरात की मलाच वाटलं, मी हिला मारतेय.

"रड," मी म्हणत होते. "रड गं. रड गं माझे आई."

काही नाही. वारा होता आणि बागेतल्या जाळाचा तडतड आवाज होता. माझ्या मनात आलं, शेवटी मीच हिला थंडीनं मारली. वारा लागू दिला.

मग तिचं पोट आत गेलं. एकदम खोल. तोंड उघडलं आणि मांजरीच्या पिल्लासारखा एक बारीक, चिरका आवाज आला. मग दुसरा. मग ती हात झाडून रडायला लागली आणि मीही गळा काढला, इतक्या मोठ्यानं की धुरातून एक माणूस पळत आला.

डोक्याला टॉवेल बांधलेला, हातात जाळ सारायचा बांबू. "काय झालं ताई? ठोकली का गाडी?"

मला सांगता येईना. मी नुसता गाडीकडे हात केला. "दोघं... आत..."

त्यानं पुढचं दार उघडून निवृत्तींना काखेत हात घालून ओढलं. मग मागचं दार उघडून तो ओरडला, "अगं आई! गाडीत इंगळ!" घमेलं त्यानं लाथेनंच बाहेर काढलं. आत्याबाईंना त्यानं पोतं उचलावं तसं उचललं आणि बांधावर आडवं केलं. गार वाऱ्यानं निवृत्ती आधी ओकले, मग उठून बसले आणि वेड्यासारखे, "पोरगी कुठाय, पोरगी कुठाय," करत माझ्याकडे रांगत आले. आत्याबाई मात्र उठल्या नाहीत. त्या श्वास घेत होत्या, एवढंच.

त्याच माणसानं द्राक्षांचा टेम्पो आणला. मागं उघड्यावर बसून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. मी सबंध वाट चिमीला रडवत राहिले. थांबली की चिमटा काढायची.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होत्या. त्यांनी चिमीला काचेच्या पेटीत ठेवून प्राणवायू लावला, आत्याबाईंना आणि आम्हा दोघांनाही मुखवटे लावले. मग विचारलं, "गाडीत काय जळत होतं?"

"शेगडी," निवृत्ती म्हणाले.

"काचा?"

"बंद. फटीही बंद केल्या होत्या."

"पंख्याची हवा? बाहेरची की आतली?"

"आतली." निवृत्तींना ते सांगताना रडू फुटलं. "बाहेर धूर होता ना, मॅडम. पोरीला त्रास होत होता."

 मग त्यांनी समजावून सांगितलं. निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, त्यानं डोळे झोंबत नाहीत. बाहेरची हवा येत असली तर तो विरून जातो. तीच तीच हवा आत फिरत राहिली तर साठत जातो. माणसाला झोप येते. आणि लहान बाळ सगळ्यांच्या आधी जातं. "बाहेरच्या धुरानं ती शिंकली असती, खोकली असती," त्या म्हणाल्या, "पण जागी राहिली असती."

"आता ती...?" मी विचारलं.

"संध्याकाळपर्यंत बघू."

तो दिवस कसा काढला ते माझं मला माहीत. मी त्या पेटीला कपाळ लावून बसले होते. पलीकडच्या खाटेवर आत्याबाई होत्या आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता. दुपारी त्या शुद्धीवर आल्या. निवृत्तींनी त्यांना डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं सांगितलं. त्या छताकडे बघत पडून राहिल्या. एकदाही "मला काय ठाऊक" म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, त्या तसं म्हणतील आणि मग मी तोंड सोडेन.

संध्याकाळी चिमीनं पेटीत जांभई दिली, मूठ तोंडात घातली आणि भुकेनं ओरडायला लागली. डॉक्टरीणबाई हसल्या. "घ्या आता," म्हणाल्या. मी तिला पदराखाली घेतलं. ती ओढून ओढून प्यायला लागली आणि माझे डोळे भरून आले.

त्याच वेळी आत्याबाईंनी तोंडावरचा मुखवटा बाजूला केला.

"डॉक्टरीणबाई, जीपमधी बी हे व्हतं का?"

"कुठल्या जीपमध्ये?"

"ताडपत्रीची जीप. चारी बाजूंनी बांधून घेतलेली. मधी शेगडी."

"ताडपत्री घट्ट बांधलेली असेल तर होऊ शकतं. का हो मावशी?"

निवृत्ती पुढं झाले. "आत्या, कुठली जीप?"

त्या त्यांच्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या. माझ्या पदराकडे. लग्नात मला एवढंच सांगण्यात आलं होतं की कौसाआत्यांना मूल झालं नाही, म्हणून नवऱ्यानं टाकली. निवृत्तींनाही एवढंच ठाऊक होतं.

"माझी पोरगी," त्या म्हणाल्या. "हिच्याएवढीच. मला न्यायला पाटलांची जीप आली व्हती. सासू संगं व्हती. वाटेत माझा जीव गुदमराया लागला, म्हणून मी ताडपत्रीचा एक कोपरा सोडला. घरी पोचलो तर पोरगी गार. सगळे म्हणले, तिथूनच वारा शिरला. सासू म्हणली, हिनंच मारली."

 चिमी पीत होती, तिचा चुटूचुटू आवाज तेवढा येत होता.

"मंग त्या कोपऱ्यानं न्हाई गेली ती?"

डॉक्टरीणबाई त्यांच्या खाटेवर बसल्या. त्यांनी आत्याबाईंचा हात हातात घेतला. "नाही, मावशी. वाऱ्यानं नाही गेली. त्या कोपऱ्यानं उलट तुम्ही वाचलात. अजून थोडी हवा आत आली असती, तर कदाचित तीही वाचली असती."

आत्याबाईंनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिल्या.

"अर्ध्या वाटेत मी तो परत बांधून टाकला," त्या म्हणाल्या. "पोरीला वारा लागंल म्हणून."